पाईपचे दोन बोल्ट

मामा सकाळी सगळ्यात आधी पेपर वाचायचे, पण तो गाडीखालचा. गॅरेजात कामाला आलेली गाडी संध्याकाळी जिथे उभी राहील तिथे तिच्या इंजिनाखाली ते जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं अंथरत आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवत. सकाळी आल्यावर शटर अर्धंच वर करून, वाकून आत जाऊन, आधी ती पानं ओढून घेत. मग बाहेर उजेडात एका फाटक्या टायरवर बसून तेलाचे डाग बघत. पुढे पडलेला डाग म्हणजे पुढचं सील. एका कडेला ओळीने बारीक थेंब म्हणजे वरच्या झाकणाचं गास्केट. मागे मधोमध मोठा गोल डाग असला की मामा जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचे, कारण तो डाग म्हणजे इंजिन उतरवायचं काम. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि दुसऱ्या दिवशीचं पान त्याच्याशी ताडून बघायचं, ही त्यांची रीत. ठाणे-बेलापूर रस्त्याने कामावर जाणारे लोक ओळखीचे झाले होते. त्यातलं कुणी विचारायचं, "काय जगूशेठ, काय बातमी आज?" मामा मान वर न करता सांगायचे, "मागनं गळतीय."

जगन्नाथमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. बारावीनंतर माझं काही जमेना म्हणून आईने मला एक पत्र्याची ट्रंक आणि घेवड्याची पिशवी देऊन त्यांच्याकडे पाठवलं. मामा, मामी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी, असे आम्ही घणसोली गावात एका भाड्याच्या खोलीत राहायचो. खोली घरमालकिणीच्या घराला मागून चिकटलेली होती. घरमालकीण आगरी म्हातारी, सोनाबाय. ती ओसरीत सुकट निवडत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हिशोब ठेवायची. मी दिवसातून दहा वेळा आतबाहेर करायचो. एका जागी बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं. सोनाबाय म्हणायची, "जगन्नाथ, तुज्या भाच्याच्या पायाला चाका हायेत काय रं? माजी कोंबरी पन एवरी फिरत नाय." दुपारी डोंगराच्या बाजूला खाणीत सुरुंग उडायचे. मांडणीवरची पितळी थरथरायची आणि मामी भाकरी थापता थापता मोजायची. चार सुरुंग झाले की म्हणायची, "झाले आजचे. आता भांडी नीट लावते." तिच्या हातचा घेवड्याचा रस्सा आणि खर्डा अजून जिभेवर आहे. त्या जेवणाला पेट्रोलचा थोडा वास असायचा, कारण मामा हात पेट्रोलने धुवायचे. मामीने आमच्या कपड्यांना वेगळी बादली, वेगळा दगड, वेगळी दोरी ठेवली होती, पण वास सगळ्या खोलीभर होता.

मामांची आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बोल्ट शेवटचा कसून झाला की ते त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून नेलपॉलिशचा एक लाल ठिपका ठेवायचे. बोल्ट पुढे कधी फिरला तर ठिपका तुटलेला दिसतो. पण मामांच्या लेखी ठिपका म्हणजे सही होती. ज्याने कसला त्यानेच ठेवायचा. अर्धवट कसलेल्या बोल्टला ठिपका लावणं हे त्यांना देवासमोर खोटं बोलण्यासारखं वाटायचं. नेलपॉलिश अर्थात मामीचं. ती कुणीही पाहुणा आला की सांगायची, "माझी नखं बघा, कशी उघडी. आणि ह्यांचे बोल्ट बघा, लग्नाला निघाल्यासारखे." माझ्यासाठी तिने एकदा हौसेने जांभळ्या रंगाची बाटली आणली होती. मामांनी ती हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली. म्हणाले, "तुजा रंग तुलाच. पन आदी हात बसू दे." मी दीड वर्ष गॅरेजात होतो. बोल्ट सोडायचं काम माझं, कसायचं त्यांचं. ती न उघडलेली बाटली मला रोज पेटीत दिसायची.

गाडी प्रधानसाहेबांची होती. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते वाहतुकीचं खातं बघायचे. गाडी परदेशी, दोन दारांची, बुटकी, गडद हिरवी. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा गाडीचाच विचार करत बसेल. साहेबांच्या वडिलांनी ती घेतली होती आणि साहेबांनी तरुणपणी विमानाच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत ती पळवली होती. दोन कार्ब्युरेटर, बारीक कमरेचं इंजिन. रेस दिली की आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेले पाने किणकिणायचे. पण वय झालं होतं तिचं. उभी राहील तिथे तेल गाळायची, आणि पाच गॅरेजं फिरून ती आमच्याकडे आली होती. मामांनी तीन दिवस तिचा पेपर वाचला आणि साहेबांना सांगितलं, "वरवरचं करून चालनार न्हाय. सगळं उघडतो."

आषाढात उतरवलेलं इंजिन भाद्रपद संपता संपता परत गाडीत बसलं. मधल्या महिन्यांत मामांनी रिंगा, बेअरिंग, टायमिंगची चेन सगळं बदललं. व्हॉल्व्ह हाताने घासून बसवले. मागचं सील तर कुठे मिळेचना, तेव्हा ग्रॅफाईट लावलेल्या दोरीचं सील स्वतः कापून, ठोकून बसवलं. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं जे भांडं असतं त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्या चेंबरच्या आत एक जाळी असते, आणि जाळीतून तेल वर ओढणारा एक पाईप. हा पाईप दोन बोल्टांनी धरलेला असतो. तो सैल राहिला तर तेलाऐवजी हवा ओढली जाते आणि इंजिन कोरडं पडतं. मामांनी ते दोन बोल्ट कसले तेव्हा मी दिवा धरून बसलो होतो. त्यांनी दोन ठिपके ठेवले. मग कॉर्कचं गास्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालायची पट्टी, लावून चेंबर बंद केलं. त्याचे अठरा बोल्ट, अठरा ठिपके. दुसऱ्या दिवशी पेपरवर इंजिनाच्या कडेला दोन थेंब होते.

"बसंल," मामा म्हणाले. "कॉर्क तेल पितं, फुगतं, मग बसतं. न्हाय बसलं तर मी नवीन कापीन."

घाई दसऱ्याची होती. साहेबांच्या कारखान्यात स्वतःचं वर्कशॉप निघणार होतं आणि त्यांना फोरमन हवा होता. नोकरी कायमची, आणि कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर. साहेबांनी सांगितलं होतं, "दसऱ्याला माझी गाडी इथं पूजेला कोरडी उभी करून दाखव. मी मोठ्या साहेबांना घेऊन येतो. बाकी मला काही बोलावं लागणार नाही." मामीने तेव्हापासून त्या दोन खोल्यांची मनातल्या मनात मांडामांड सुरू केली होती. मांडणी कुठे, पाळणा कुठे. पाळणा, कारण तिला पुन्हा दिवस गेले होते.

नवरात्रात मामा दोन दिवस गावी देवीला गेले. जाताना मला बजावलं, "गाडीला हात लावायचा न्हाय. फक्त पेपर बगायचा." अष्टमीच्या सकाळी साहेब आले. मी पेपर ओढून काढला होता, तो त्यांनी बघितला. तीन थेंब. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दिलीप, परवा मोठे साहेब येणार आहेत." मग गाडीच्या डिकीतून एक ट्यूब काढून माझ्या हातात दिली. परदेशी, लाल रंगाची, गास्केटऐवजी लावायची रबरी पेस्ट. ही ट्यूब त्यांनी आधीही मामांना देऊ केली होती. मामांनी ती बोटावर घेऊन, ताणून बघून परत दिली होती. "भाईर आलेली दिसती साहेब. आत किती गेली ते कोन बगनार?" मी तिथेच उभा होतो. मला ते शब्द आठवत होते. ट्यूब हातात घेतली तेव्हाही आठवत होते.

दुपारी जेवायला घरी गेलोच नाही. खड्ड्यावरच्या फळ्या सरकवून गाडीखाली उतरलो, तेल काढलं, अठरा बोल्ट सोडले, चेंबर उतरवलं. कॉर्क एका कोपऱ्यात थोडा फाटला. मग मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस हात आखडता घेत नाही. अर्ध्याहून जास्त ट्यूब मी त्या कडेवर पिळली, आतूनही आणि बाहेरूनही. चेंबर वर लावून बोल्ट आवळले तेव्हा बाहेर लाल पेस्टची बोटभर वळी फुगून आली. ती मी चिंधीने पुसून घेतली. आत तेवढीच वळी गेली असणार हे मला कळत होतं. कळत होतं, पण पुसायला आत जाता येत नव्हतं. मग मामीची बाटली घेतली आणि अठरा ठिपके ठेवले, जुन्या ठिपक्यांच्या अगदी जागेवर. जांभळी बाटली शेजारीच होती. तिला हात लावला नाही. ठिपके मामांसारखेच आले. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

नवमीला मामा आले, पेपर बघितला. कोरडा ठाक. ते खड्ड्यात उतरले, बोट फिरवून बघितलं आणि वर येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. "बगितलं? कॉर्क बसला. जरा दम धरायचा असतो लेका." मी तेव्हाच सांगू शकलो असतो. ते खूश होते म्हणून सांगितलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे उद्या दसरा झाला की परवा सांगू, असं ठरवलं होतं.

दसऱ्याला मामीने गाडीखाली रांगोळी घातली. नक्षी नव्हे, पांढरी रांगोळी चाळणीने सारखी पसरून चौकोन भरला, इंजिनाच्या बरोबर खाली. ही तिची कल्पना. एक थेंब पडला तरी लांबून दिसेल. मामा म्हणाले, "आगं, उगा परीक्षा कशाला?" ती म्हणाली, "तुमचा तुमच्या हातावर भरवसा नाय का?" मामा हसले. तेव्हा ते हसू शकत होते. झेंडूचे हार, नारळ, पान्यांना हळदकुंकू. मोठे साहेब आले, त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली, दहा मिनिटं इंजिन फिरत ठेवलं आणि मग चक्क वाकून रांगोळी बघितली. पांढरी स्वच्छ. आपट्याची पानं मामांच्या हातात देत ते म्हणाले, "दिवाळी झाली की या." सोनाबाय मुद्दाम गावातून चालत आली होती. ती मामीला म्हणाली, "आता तू चाललीस गो. माजी खोली पुन्ना रिकामी."

परवा आला आणि गेला. मी बोललो नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी साहेब सकाळीच आले. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून बघायची होती. मामा त्यांच्या शेजारी, मी मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. बेलापूरच्या पुढे तेव्हा रस्ता नुसता पसरलेला असायचा, दोन्ही बाजूंना खाडीचं दलदलीचं खाजण. साहेबांनी रेस दिली आणि ते इंजिन गायला लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. मामा डोळे मिटून ऐकत होते. मला मागून, दोघांच्या खांद्यांच्या मधून, तेलाच्या दाबाचा काटा दिसत होता. तो आधी थरथरला. मग खाली आला. मग पुन्हा वर गेला. मी पुढच्या सीटची कड घट्ट धरली. तेवढ्यात मामांनी डोळे उघडले, काट्याकडे न बघताच, नुसत्या आवाजावरून. "साहेब, बंद करा. बंद करा." साहेबांना वेगात ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी अजून थोडंच म्हणून पाय दाबून धरला. आतून कुणी दार ठोठावावं तसा आवाज सुरू झाला. मग एक मोठा धक्का, आणि शांतता. गाडी उताराने थोडी पुढे जाऊन थांबली. खाजणातला एक बगळा उडाला आणि थोडा पुढे जाऊन बसला. हे सगळं मी गेली चाळीस वर्षं बघतो आहे.

टेम्पोला दोर बांधून गाडी परत आणली. साहेब आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलत होते, म्हणजे साहेब बोलत होते. मी म्हणालो, "मी चेंबर उतरवतो," आणि खड्ड्यात उडी घेतली. कुणालाही वाटलं असेल, पोरगा कामाचा आहे. चेंबर खाली आलं आणि मी बघितलं ते असं: जाळीवर लाल रबराची एक पट्टी घट्ट चिकटून बसली होती, वरून झाकण ठेवल्यासारखी. तुकडे जाळीच्या भोकांतही घुसले होते. जागेवरून ते निघेनात. पाईपसकट जाळी काढायला हवी होती. पाईपचे ते दोन बोल्ट, त्यांच्यावर मामांचे दोन ठिपके, न तुटलेले. पाना लावला तर बोल्ट हलेना. पान्याच्या टोकावर हातोडीचे दोन घाव घातले तेव्हा पहिला सुटला. दुसऱ्याला तीन घाव लागले. जाळी पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने साफ केली. चेंबरच्या कडेवरची सगळी पेस्ट खरवडून काढली. ते लाल तुकडे चिंधीत गुंडाळून पँटच्या खिशात घातले. हे सगळं मी शांतपणे केलं. माझ्या आयुष्यात इतकं स्थिर मी कधी बसलो नव्हतो.

मामा खड्ड्यात उतरले. त्यांनी बेअरिंगचे तुकडे तळहातावर घेतले. जाळी उजेडात धरली, ती स्वच्छ. पंप बघितला, तोही ठीक. वरून साहेब विचारत होते, "मग तेल का नाही चढलं, जगन्नाथ?" मामांनी पाईप हातात घेऊन फिरवून बघितला. मग माझ्याकडे न बघता हळू विचारलं, "दिल्या, तू काडलास तवा हे बोल्ट कसं होतं? सैल होतं का रं?"

मी म्हणालो, "थोडे."

एवढाच शब्द. मामांनी दोन्ही बोल्ट उचलले आणि त्यांच्या डोक्यावरचे लाल ठिपके अंगठ्याने घासून बघितले. मग वर तोंड करून म्हणाले, "साहेब, माजी चूक हाय. ठिपका ठेवला आन कसायचं राहिलं."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गाडी दुसरीकडे नेली आणि पुन्हा आले नाहीत. कारखान्यात दुसरा फोरमन लागला. सोनाबायची खोली रिकामी झाली नाही. पाळणा तिथेच बांधला गेला, माझं अंथरूण दाराबाहेर आलं. सहा महिन्यांनी साहेबांनी निरोप पाठवला की वर्कशॉपमध्ये फिटरची एक जागा आहे, तुझा भाचा हुशार दिसला, त्याला पाठव. मी गेलो. पहिल्या दिवशी निघताना मामांनी पेटी उघडून जांभळी बाटली माझ्या हातात दिली. "आता तुजा हात बसला," असं म्हणाले. त्याच नोकरीवर माझं लग्न झालं, मुलांची शिक्षणं झाली, सीवूड्सचा हा फ्लॅट झाला. हे लिहितो आहे त्या टेबलापर्यंत सगळं तिथून आलेलं आहे. आताही मी तीन वेळा उठून गॅलरीत जाऊन आलो. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धुतंय.

मामांनी वर्षभर गॅरेज चालवायचा प्रयत्न केला. पण ते प्रत्येक बोल्ट कसून झाल्यावर पुन्हा बघायचे, मग तिसऱ्यांदा बघायचे, आणि तिसऱ्यांदा आवळताना बोल्टाचे आटे झिजून जायचे. ठिपके ठेवणं त्यांनी बंद केलं. शेवटी गॅरेज सोडून वाशीच्या बाजारात मापाडी म्हणून लागले. गोण्यांचं वजन करायचं आणि सांगायचं. तिथेही तीन वेळा वजन. व्यापारी वैतागायचे, हमाल चिडवायचे, "वजन वाढतंय का बघा, मामा." पुढे कोपरखैरणेत त्यांनी लहानसं घर घेतलं. घराची कडी लावून तीन वेळा हलवून बघणं, गॅसचं बटण तीन वेळा तपासणं, नळ तीन वेळा आवळणं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत हा चेष्टेचा विषय. लग्नकार्यात कुणी काही पुन्हा पुन्हा केलं की म्हणायचे, "जगूमामांचं झालं का तीनदा?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. न हसलो तर कुणी विचारेल अशी भीती वाटायची.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाच्या वाढदिवसाला ते आले होते. मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पाठ वाकली, पण कान शाबूत. नातवाला सायकल आणली होती, तिला बाजूची दोन लहान चाकं लावायची होती. माझ्या मुलाने कौतुकाने पाना त्यांच्याकडे दिला. "आजोबा, तुम्हीच लावा. तुम्ही तर एक्स्पर्ट." मामांनी पाना घेतला, क्षणभर धरला आणि परत दिला. "नको बाबा. लेकराची गाडी हाय. माज्या हातचं सैल राहतं." ते विनोदाने म्हणाले नाहीत. कुणी उंची सांगावी, वय सांगावं, तसं म्हणाले. सगळे हसले. मला त्या दिवशी हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपरखैरणेला गेलो. मामा पलंगावर बसून शेंगा सोलत होते. मामी ओट्याशी. मी बसलो नाही, उभ्याउभ्याच सांगायला लागलो, नाहीतर पुन्हा परवावर गेलं असतं. ट्यूब सांगितली. अठरा ठिपके सांगितले. जाळीवरची पट्टी, चिंधी, खिसा. मामांचे हात शेंगांवर थांबले होते. मग पहिला प्रश्न विचारला तो असा: "किती जाड लावलीस?"

मी करंगळी दाखवली.

"आत तेवडीच गेली असनार," ते म्हणाले. जुन्या दिवसांसारखं, डाग बघून सांगावं तसं. मग, "आन पाईप?"

"घट्ट होता, मामा."

"किती?"

"पान्यावर हातोडी मारायला लागली. दोन्हींना."

मामांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "मला ऐकू आली हुती हातोडी," ते म्हणाले. "मी वर साहेबाशी बोलत हुतो. मनात आलं, सैल बोल्टाला हा हातोडी कशाला मारतोय. म्हनलं, चेंबरचा असंल कुटला." त्यांनी मांडीवरची फोलपटं झटकली. "तू थोडे म्हनलास. मग मी माज्या कानाला खोटं धरलं."

मामीने पदर तोंडाला लावला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, मामांकडे बघत होती. म्हणाली, "आणि मी आयुष्यभर हसले ह्यांना. चारचौघांत हसले." मग ओट्याकडे वळली आणि शेगडीवर ठेवलेल्या चहाखालचा गॅस बंद केला. चहा कुणी प्यायला नाही.

मी पाय धरायला वाकलो तर मामांनी पाय वर घेतले. रागाने नव्हे. त्यांना ते नको होतं. म्हणाले, "लिहून काड."

"कोणाला दाखवायचंय, मामा? साहेब तर गेले."

"कुनाला न्हाय. लिहून काड. बोल्ट किती, कोनी कसलं, सगळं नीट लिही. माफी बिफी नंतर बगू."

निघालो. मामा भिंत धरत दारापर्यंत आले. मी बाहेर पडलो आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. मी तिथेच थांबलो, समोरच्या घरातली बाई विचारायला लागली, काय हवंय का. मी हाताने नाही म्हणालो. कडी दुसऱ्यांदा वाजली. मी वाट बघत राहिलो, आणि थोड्या वेळाने ती तिसऱ्यांदाही वाजली.

तेव्हा लिहून ठेवतो. त्या गाडीचं चेंबर शेवटचं मी बंद केलं. अठरा बोल्ट, अठराही मी कसले, त्यांच्यावरचे ठिपके मी ठेवले आणि पेस्ट मी लावली. आतला पाईप जगन्नाथमामांनी बसवला होता. त्याचे बोल्ट दोन. दोन्ही घट्ट होते.